बोंबलाचा वास आणि छपरावरची टोपी

७ मार्च १९८४

बसली एकदाची! खानावळीच्या पत्र्याला भोक पाडून वर गोल टोपी, तिला सगळीकडून पाती. वारा आला की आपली आपण गरगर फिरते आणि आतला धूर वर ओढते. लाइट लागतच नाही! कसं काय? बसवणाऱ्याला विचारून विचारून भंडावलं. शेवटी म्हणाला, "वैनी, भाकऱ्या करपतील."

गाळ्यांच्या शेठनी पाटीच लावलीय — भिंतीतला विजेचा पंखा काढून जो ही टोपी बसवील त्याला लाइटबिलात सवलत. शिळफाट्यावरच्या अख्ख्या रांगेत पहिला नंबर आमचा. हे म्हणाले, "तुला सवलतीपेक्षा टोपीचंच कौतुक!" आहेच.

९ मार्च

टोपीखाली कापसाचा पुंजका धरला. सुर्रकन वर!

आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, खोकलाही कमी वाटतो. डॉक्टर धुरात बसू नका सांगून थकले, पण त्या चूल सोडतील तर शपथ. मी म्हटलं, "बघा, टोपीचा गुण!" तर म्हणे, "टोपीचा नाय गं, आल्याच्या रसाचा."

१३ मार्च

दुपारी निम्मी बाकं रिकामी. घाटात जाणारे ट्रक तर तेवढेच आहेत. मग? आमटी चाखून पाहिली. बरी होती.

१६ मार्च

कोडं सुटलं! नागू ड्रायव्हर, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, आज नुसता हात करून चालला होता. अडवलाच त्याला. म्हणाला, "वैनी, पैलं वळणावरच भाजल्या बोंबलाचा वास यायचा. पाय आपसूक ब्रेकवर! आता वास नाय, मला वाटलं बोंबील बंद केलं तुमी."

पंख्याचं तोंड रस्त्याकडे होतं! सगळा वास हायवेवर जायचा. आता जातो आभाळात, कावळ्यांना. वळणावर जाऊन हुंगून आले — नुसतं डिझेल. हसावं की रडावं!

१८ मार्च

पंखा परत लावला तर सवलत जाईल. जाऊ दे, गिऱ्हाईक हवं. पण मग वास वर जाऊ नये म्हणून टोपी झाकावी लागणार, आणि पंखा धूर ओढायचा कमी, कोंडायचाच जास्त. आत्याबाईंच्या छातीचं काय? भीती वाटते मला.

"चूल सोडता का?" विचारलं.

"आन् बोंबील कोन भाजील? तू?"

हे म्हणतात, तूच ठरव. बरं आहे यांचं!

१९ मार्च

ठरवलं. पंखा लावायचा. खानावळच बसली तर खायचं काय? वायरमनला उद्या बोलावलंय.

२० मार्च

वायरमन शिडी लावत होता. पंखा परत का लावतोय ते आत्याबाईंना सांगितलं — नागू, वळण, ब्रेक, सगळं. केवढ्या खुलल्या! मग हळूच म्हणाल्या, "चांगला येतो का गं वास माज्या बोंबलाला? दोन उन्हाळं झालं, धुरानं नाकच गेलंय, मला कसलाच वास येत नाय."

वायरमनला परत पाठवलं.