मेणबत्ती आणि राब
मळवली, चैत्र वद्य पंचमी, शके १८६०

माझ्या दत्तूनं आज नातवंडांपुढं त्यानं लिहिलेलं पुस्तक वाचलं. लहानपणीच्या गरिबीचं. त्यात म्हणं मी मेणबत्तीसारखी जळले. दिव्याला तेल नव्हतं घरात, अन् ह्याला मेणबत्ती सुचली! मी न्हाई जळले. मी राब जाळला, भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला. पाल्याचे भारे डोंगरावरनं कुणी आणले? सरूनं, ह्याच्या थोरल्या बहिणीनं. हा शाळेत बसावा म्हणून ह्याच्या वाटचाबी भारा तिनंच वाहिला. राबात पाय भाजला तिचा, अजून लंगडती.

मी विचारलं, "सरू कुटं हाय ह्यात?"

"आई, वाचणाऱ्याला रडू एकीसाठीच यावं लागतं. दोघी आल्या की गोष्ट विस्कटते."

"मग मला काढ, मुडद्या, अन् तिला घाल!"

"आता छापून झालं."

मेली ती मेणबत्ती! उद्या सरू सासरहून येणार, भावानं काय लिहिलंय ते ऐकायला. तिला वाचता येत न्हाई. मला येतं, ते ह्याच्याच पाटीवर शिकले. ती पाटी सरूच्या हातात मी कधी दिली न्हाई.