शेवटच्या रांगेतला हात

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींची साखर, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. मी धडधाकट आहे. घसा तेवढा बसलाय, गुळण्या चालू आहेत. तुझं पत्र मिळालं. फोनही वाजत होता, मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

आधी कामाचं. तुझ्या शेजारच्या फ्लॅटवाल्याला सांग, माझ्यासाठी थांबू नका. म्हातारपणी दोघी बहिणी भिंतीला भिंत लावून राहू, हे आपलं ठरलं होतं. पण तो फ्लॅट आता मला परवडणार नाही. का, ते पुढे येईलच.

शुक्रवारी घटस्फोटाच्या वाटणीसाठी समुपदेशकांकडे बैठक झाली. लहानशी खोली, लांबुळकं टेबल, आणि डुगडुगणारी खुर्ची नेमकी माझ्या वाट्याला. पलीकडे हा, माझा अजूनपर्यंतचा नवरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. इस्त्री स्वतःच केलेली. माझ्या कपड्यांचीही तोच करत आलाय.

संताप काय झाला होता म्हणून सांगू! साठीला आलेला माणूस मला सोडून चाललाय. दुसरी कोणी नाही, भांडण नाही. म्हणतो, "जन्मभर तुझा श्रोता झालो, आता श्रोता म्हणून मरायचं नाही." आणि वर माझ्या भविष्य निर्वाह निधीतला निम्मा वाटा हवा, म्युच्युअल फंडातलाही निम्मा! वीज कार्यालयात टाचा झिजवल्या मी, संघटनेसाठी घसा फोडला मी, संपात पगार कापून घेतला मी, आणि निम्मं याला? तू पत्रात लिहिलंस ते सगळं त्या क्षणी मला पटत होतं, हेही सांगून टाकते.

मग तू ठरवून दिलेल्या वकीलबाई घसा खाकरून म्हणाल्या, "साहेब, हे गृहस्थ वर्षानुवर्षं घरी बसून खात होते. यांचा वाटा येतो कुठून?"

समुपदेशकांनी त्याला विचारलं, "यावर काही म्हणायचंय?"

"मला नाही," तो म्हणाला. "ती बोलेल."

मी गप्प. मी, ताई! जिला गप्प करायला साहेबलोक बदलीच्या धमक्या द्यायचे, ती मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

तेव्हा त्यानं हात वर केला.

तुला माहीत आहे, माझ्या सभेला तो कायम शेवटच्या रांगेत बसायचा. आमचे माईक भर सभेत हमखास बंद पडायचे. त्यानं तळहात उचलला, की मागे पोचत नाही, मोठ्यानं बोल. तळहात खाली केला, की आता पुरे, लोक जांभया देताहेत. तोच तळहात त्यानं त्या खोलीत उचलला. हातभर अंतरावरून. ऐकू येत नाही म्हणे!

आणि मी उठले. सवयीनं उठले आणि बोलले रागानं.

"बसून खाणं म्हणजे काय हो बाई? आमच्या एखाद्या कामगारानं टाकलेल्या बायकोचा हक्क मागायला मी ज्या ज्या साहेबापुढे गेले, त्यानं हेच ऐकवलंय मला. ती काय, घरीच बसून खात होती! सगळी नोकरी मी त्यांची तोंडं बंद करण्यात घालवली. आणि आज माझी फी घेऊन तुम्ही तेच माझ्या तोंडी घालता? रांधणं, धुणं, निस्तरणं बाईनं केलं तर कष्ट, आणि पुरुषानं केलं की बसून खाणं?"

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"

"तुमच्या नाही," म्हटलं. त्यांची फी तिथल्या तिथे चुकती केली.

पण ते शब्द वकीलबाईंचे नव्हते. तुझे होते. तुझ्या पत्रात आहेत, जसेच्या तसे. म्हणून आता तुला विचारते. आईचं कोण करत होतं, ताई?

अर्धांगवायूनं ती पडली तेव्हा पुस्तकांच्या बाइंडरीतली नोकरी कोणी सोडली? त्यानं. मी सभेत असायचे. तू दोन दिवसांसाठी यायचीस, रडायचीस आणि गाडीच्या वेळेवर निघायचीस. तू पाठवायचीस ते पैसे फळांना पुरायचे. तो वरखाली होणारा पलंग त्याच्या निधीतून आला, होता नव्हता तेवढ्या. म्हणून आज त्याच्या नावावर काही नाही. आईची कूस तो बदलायचा. ती अर्ध्या तोंडानं हाक मारायची, "बाइंडर, पान उलट!" आणि दोघं हसायची. शेवटपर्यंत तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. आपल्या आईच्या पाठीला, ताई!

निम्म्यावर सही केली. निधीच्या आणि फंडाच्याही. जिन्यात त्याला म्हटलं, "मी हेच बोलणार, हे तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं," तो म्हणाला. "म्हणून तर हात वर केला."

आणि गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही मेल्यानं. तेव्हा माफीबिफी काही नाही. त्याचं होतं ते त्याला दिलं, पण राग माझा आहे आणि तो मी कोणाला निम्मा देणार नाही.

गुरुवारी कार्यालयाच्या फाटकावर सभा आहे. मागे पोचतंय की नाही, हे सांगायला आता कोणी असणार नाही.

तू त्याला पत्र लिही. मला नको, त्याला. त्यात आईचा उल्लेख असू दे. ते त्याला मिळाल्याचं कळलं, की मी फोन उचलेन.

तोवर तुझ्याशी अबोला धरलेली,
तुझी धाकटी