पहिलं अक्षर मी सांगणार

३ फेब्रुवारी
स्ट्रोकनंतर बायकोला कळतं सगळं, शब्द सापडत नाही. स्पीच थेरपीच्या अपेक्षा मॅडमनी युक्ती शिकवली. वस्तू दाखवा, पहिलं अक्षर सांगा, थांबा. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलंय. गुढीपाडव्यापर्यंत ही भाषण ठोकेल.

४ फेब्रुवारी
भाकरी दाखवली. ‘भा’ म्हटलं. ती म्हणाली, रोट्टी. माहेर दुधनीचं, तिथलं कन्नड. लग्नानंतर मीच ते बंद केलं होतं, म्हणून तर हिचं मराठी सुधारलं. भाकरी झाकून ठेवली.

५ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, जी भाषा येईल ती येऊ द्या, आधी जेवायला द्या. या पिढीला शिस्तीचं वावडं.

९ फेब्रुवारी
पाण्याचा पेला धरला. ‘पा’. ती म्हणाली, नीरु. पेला मागे घेतला. ती रडली. म्हणजे मेंदू जागा होतोय.

१७ फेब्रुवारी
वजन तीन किलो उतरलं. मॅडम उगाच ओरडल्या. वजन आटोक्यात ठेवा असं डॉक्टरच म्हणाले होते ना!

२ मार्च
आता मला बघितलं की तोंडच उघडत नाही. राग आला, खोटं कशाला बोलू? मग पटलं, ही एकाग्रता आहे.

८ मार्च
धाकटी मेहुणी निंगव्वा आली. आत दोघी बोलत होत्या. दोघी! हसतही होत्या. दाराला कान लावला, एक शब्द कळला नाही. आत गेलो तर ही गप्प.
निंगव्वाला विचारलं. ती म्हणाली, दाजी, अक्का मला घिऊन चल म्हणती. हितं लई भूक लागती म्हणती.
मी म्हटलं, हेच तिनं मराठीत मागितलं तर परवानगी. निंगव्वानं हिची पिशवी भरायला घेतली.

९ मार्च
एसटी स्टँडवर गेलो. ही बसली होती त्या खिडकीखाली उभा राहिलो, छातीवर बोट ठेवलं, माझ्या नावाचं पहिलं अक्षर सांगितलं. थांबलो.
ती बोलली. लांबलचक, कुठंही न अडखळता, कन्नडमध्ये. इतकं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. दुधनीची अख्खी बस हसली. मीही हसलो. मग शेजारी उभ्या माणसाला विचारलं, काय म्हणाली?
तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या की काका.