एक मेला न दिलेलं दूध

मी, विभावरी एमन क्लॅन्सी, माहेरची टिल्लू, राहणार येना, जर्मनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्याच हाताने लिहीत आहे. शरीर थकलं आहे, डोकं नाही. काल लिहिणार होते, पण काल एक मे. त्या दिवशी आमच्या घरातून कुणाला काही देत नाहीत.

१. घर व बाग मुलगी अन्वी हिला. बागेतलं वाईसडोर्नचं काटेरी झाड माझे पती कै. एमन यांनी लावलं. त्यात 'ती मंडळी', म्हणजे पऱ्या, राहतात, ते तोडायचं नाही, त्याची पांढरी फुलं घरात आणायची नाहीत, असं माझ्या आयरिश सासूबाई नोरा सांगत. अन्वी म्हणते, "मम्मा, आबरग्लाउबे!" असेल अंधश्रद्धा. तिने हवं ते करावं. माझी अट नाही. राखण करून मी दमले.

२. आईच्या पाटल्या धाकटी बहीण नीता हिला. पूर्वी एकदा ती आपल्या वर्षभराच्या मुलाला, रुद्रला, घेऊन इंगोलश्टाटहून आली होती. एक मेला परत निघताना तिने बाटलीत दूध मागितलं. सुट्टीमुळे दुकानं बंद. उंबऱ्यावर सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी राखणीची पिवळी फुलं घातली होती, तिथेच त्या आडव्या उभ्या राहिल्या.

"आज दूध बाहेर गेलं तर चेटकिणी त्यासोबत घराचं दैव नेतात. इथे बसून पाज."

"गाडी चुकेल! ताई, मी काय चेटकीण आहे? तू बोल ना!"

मी खूप विनवलं. सासूबाई हलल्या नाहीत. नीता रिकामी बाटली घेऊन गेली.

मागाहून सासूबाईंनी सांगितलं, की आयर्लंडमध्ये गावी एका एक मेला त्यांनी शेजारणीला दूध दिलं आणि त्याच उन्हाळ्यात त्यांची तान्ही मुलगी गेली. एमनलाही हे ठाऊक नव्हतं. मी नीताला फोन करून सांगितलं. "माझंही बाळच होतं, ताई," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर माझ्याशी कधी बोलली नाही. दोघींचंही खरं होतं. मधे उभी राहून माझेच पाय दुखले.

सासूबाईंनंतर उंबऱ्यावरची ती फुलं दर वर्षी मी घालत आले. विश्वास म्हणून नव्हे. त्या मुलीची आठवण ठेवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

३. शिडी शेजारच्या प्रणवकडेच आहे, ती त्यालाच. परत मागायचा कंटाळा आला.

४. माझी राख सासूबाईंशेजारी पुरावी. नीताला कळवावं. आली तर कुणी काही विचारू नये, आधी जेवायला वाढावं. प्रवासात ती काही खात नाही.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत; मला बरं वाटतं म्हणून दोघांना बसवलं आहे.

साक्षीदार: मैत्रेयी परचुरे, समर्थ वैशंपायन

(सही) विभावरी क्लॅन्सी
येना, २ मे २०२५