फक्त आम्हा दोघींत

२ फेब्रुवारी
आले एकदाची! नवं गाव, नवी खोली, नवा नंबर. तिसरा मजला, पूर्वेची खिडकी, भिंतींना ताज्या रंगाचा वास. घरमालकीणबाईंनी कपाट उघडून दाखवलं तेव्हा त्यातून तीन छत्र्या अंगावर पडल्या, दोघीही हसलो. आता नवऱ्यानं कितीही शोधावं. माझा पत्ता एकट्या ताईला कळवलाय, तोही त्या एन्क्रिप्टेड मेसेजवरून. मधे कुणी वाचूच शकत नाही म्हणे, खुद्द कंपनीसुद्धा नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं गाणं म्हटलं. बेसूर, पण म्हटलं.

५ फेब्रुवारी
कामावर रुजू झाले. कवळ्या बनवण्याची छोटी कार्यशाळा. प्लास्टरची पांढरी धूळ, तापलेलं मेण, फळीवर ओळीनं मांडलेले अनोळखी लोकांचे जबडे. मालकीणबाई मोजकंच बोलतात. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे कारागीर, सगळ्यांचे मामा, दर कवळीला नाव ठेवतात. माझ्या वाट्याला ‘सासूबाई’ आली. कशीही बसवा, नाराजच! संध्याकाळी ताईला सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं, की आपले मेसेज आता एका दिवसात आपोआप पुसले जातील अशी सोय केलीय. शिवाय फोन मुळीच करू नकोस, फोन ऐकता येतो. शहाणी आहे माझी ताई.

११ फेब्रुवारी
टपालानं कार्यशाळेत पुडकं आलं. आत माझेच जुने लोकरी मोजे, त्या घरात राहिलेले. चिठ्ठी नाही. फरशी फार गार लागते असं मी परवाच ताईला लिहिलं होतं. तिला विचारलं, तर म्हणे मी नाही पाठवले. मग कुणी? दिवसभरात दोनदा मेण सांडलं.

१२ फेब्रुवारी
मोबाइल दुरुस्तीवाल्यानं फोन तासभर उलटापालटा केला. त्यात काही नाही, दुसरं कुठलं यंत्र जोडलेलं नाही, मेसेजचं कुलूप पक्कं आहे, मॅडम, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका, म्हणाला. मग मोजे काय चालत आले?

१४ फेब्रुवारी
आज पाकीट. आत टाइप केलेली एकच ओळ: ‘सासूबाईंचा डावा सुळा नीट बसव.’ हे नाव मामांना ठाऊक आणि मी ताईला लिहिलेलं. बस्स! मी मामांवर तोंड सोडलं. कुणाला काय सांगितलंत, किती दिवस पाळत ठेवताय, वाटेल ते बोलले. ते चष्मा पुसत राहिले. डबासुद्धा उघडला नाही त्यांनी.

१६ फेब्रुवारी
कंपनीच्या मदतकेंद्रात तीन वेळा विचारलं. तीनही वेळा तेच छापील उत्तर, की आपले संदेश पूर्णपणे सुरक्षित आहेत. पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणे मेसेज दाखवा. ते तर पुसले गेलेत! मग पाकीट दाखवलं. यात धमकी कुठेय, कुणी मोजे पाठवले म्हणून गुन्हा नोंदवायचा का, असं विचारलं त्यांनी. शेजारचा हसला. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. सगळ्यांचं एकच पालुपद: सुरक्षित आहे, सुरक्षित आहे. माझं कुणी ऐकेल का?

१८ फेब्रुवारी
ताईच एक समजून घेते. मी तुला न्यायला येते, एकटी कधी असतेस, असं विचारलंय तिनं. शुक्रवारी दोन ते चार, मालकीणबाई आणि मामा दवाखान्यांत कवळ्या पोचवायला जातात तेव्हा. कळवलं. जिवात जीव आला.

२० फेब्रुवारी, दुपार
ताई निघाली का, हे विचारायला राहवेना. कार्यशाळेच्या फोनवरून, ती काम करते त्या वाचनालयात लावला. ताईनंच उचलला. माझा आवाज ऐकून रडायलाच लागली — कुठे आहेस गं, जिवंत आहेस ना —

तिचा मोबाइल जानेवारीअखेरच गेला. मी घर सोडलं तसा नवरा तिच्याकडे माफी मागायला आला होता, टेबलाशी बसून रडला, चहा प्यायला. तो गेल्यावर मोबाइल सापडेना. तिला वाटलं, बसमध्ये पडला. उघडायचा आकडा भाचीची जन्मतारीख, त्यालाही पाठ. मी त्याच नंबरवर फोन करीन म्हणून तिनं नंबर बंद केला नाही. रोज फिरवून बघते.

म्हणजे पत्ता त्यालाच. मोजे, सासूबाई — सगळं त्यालाच. मधे खरंच कुणी वाचत नव्हतं.

आणि आजची वेळ — मीच —

२:२०
चौकीत फोन केला. पंधरा मिनिटांत येतो म्हणाले. दाराचं कुलूप आतून लावलंय, कडी कधीचीच मोडलीय. लिहून ठेवते, निदान हे तरी पुसलं जाणार नाही.

२:२६
ताईच्या नंबरवरून: ‘दारात आलेय. उघड ना गं.’

बेल. एकदाच.

श्वाससुद्धा —

२:३१
जिन्यात मामांचा आवाज. आज लवकर परतले. कुणाशी तरी हसून बोलतायत — तो म्हणतोय, तिच्या ताईकडून आलोय, बिचारी घाबरलीय, दार उघडत नाही —

मामा म्हणतायत, थांबा, माझ्याकडे किल्ली —

ओरडतेय मी — मशीनच्या आवाजानं कान अधू झालेत त्यांचे, दाराआडून कमी ऐकू —

मामा, नका —