अकरा कोऱ्या पाठी

६ मे, मंगळ.
सकाळी हिराबाई कुंपणापाशी. त्यांच्या मेंढ्या सध्या आमच्या मागच्या माळावर बसतात. "ताई, डाक्टर परत कवा येनार? माझ्या काही टोचायच्या राहिल्यात." फोनवर यादी उघडली. जनावरांच्या डॉक्टरांसाठी हे लसीच्या नोंदवहीचं ॲप मीच बनवलेलं. अडतीसच्या अडतीस झालेल्या. तसं सांगितलं.
"तुमच्या फोनात झाल्या आस्तील. पाठीवर न्हाई."
टोचल्यावर पाठीवर लाल पट्टा ओढतात. जाऊन मोजलं. अकरा पाठी कोऱ्या. लस आंत्रविषाराची. पावसानंतरच्या कोवळ्या गवताने हा रोग होऊन मेंढी एका दिवसात जाते. गेल्या वर्षी यांच्या चार गेल्या.

७ मे, बुध.
डॉक्टरांना पौडला फोन. ते यादीत आधीच सगळ्यांवर खुणा करतात, मग टोचतात. शिबिराच्या दिवशी ॲपवर 'लस अपुरी' असा संदेश आला, बाटली खरंच संपली. यादी पुन्हा उघडली तर खुणा तशाच. "म्हटलं, घेतलं असेल तुमच्या सिस्टिमने."
घ्यायलाच नको होतं. लस अपुरी म्हटल्यावर अख्खी नोंद मागे फिरायला, म्हणजे रद्द व्हायला हवी.
दुपारी सापडलं. डेटाबेसमधली टेबलं मी हाताने बनवत नाही, ओआरएम नावाचं साधन माझ्या कोडवरून बनवतं. मेंढी, शिबिर, लस, कोडमधल्या या तिन्ही मॉडेलांत इंजिन इनोडीबी, म्हणजे नोंद मागे फिरवू शकणारं, असं लिहिलंय. मेंढी आणि शिबिर जोडणारं मधलं टेबल, ज्यात खुणा राहतात, कोडमध्ये दोनच ओळींचं, त्यात लिहिलंच नाही. जुन्या सर्व्हरने त्याला आपलं नेहमीचं इंजिन, मायआयसॅम दिलं. त्याला मागे फिरता येत नाही. बाकी सगळं पुसलं गेलं, खुणा राहिल्या.
घाई होती? की ते टेबल मला मोजण्याजोगं वाटलं नाही?

९ मे, शुक्र.
इंजिन आता एकाच सामाईक जागी लिहिलं, नवं टेबल आपोआप तेच घेईल. कोड बदलून आधीच बनलेलं टेबल बदलत नाही, ते बदलायला वेगळं मायग्रेशन चालवलं. चाचणीच्या यादीत मुद्दाम कमी लस टाकून पाहिलं. खुणा गायब! घरात एकटीच टाळ्या.
पण त्या अकरा कुठल्या ते यादीला ठाऊक नाही. हिराबाई: "ऐतवारी कातरणी हाय. लोकर गेली का रंग गेला. यायचं तर उद्याच या."

१० मे, शनि.
त्या मेंढी धरणार, मी कानातला बिल्ला वाचणार. अकरा झाल्या. मग एका रंगलेलीलाच धरून म्हणाल्या, "हिला बी लिवा. ही दुसरीला घासून रंगलीया. टोचताना मी धरली न्हवती हिला." बारा.
चूक माझी, हे सांगितलं. सांगायला तीन दिवस का लागले?
"आन मी डाक्टरला लई बोलले की वं! आता तुमाला बोलायचं म्हंजी परत दम आनायला पायजे."
चहा पाजूनच सोडलं.

१३ मे, मंगळ.
डॉक्टर आले. बाराही टोचल्या. कातरलेल्या अंगावर रंग जरा जास्तच लाल दिसतो. आता यादीत टोचल्यावरच खूण करतात. बारा खुणा. घरी येऊन चारही टेबलांचं इंजिन पुन्हा तपासलं. बरोबर आहे. तरी आणखी एकदा.

१४ मे, बुध.
जुन्या नोंदीत तोच 'अपुरी' संदेश अजून एकदा. कळप हिराबाईंच्या भावाचा. कातरणी होऊन गेलेली. डॉ. म्हणतात, लस पुरली तर सगळ्याच पुन्हा टोचू, त्याने बिघडत नाही. पुरेल का, माहीत नाही.
हिराबाईंना या वेळी लगेच सांगितलं. "त्याला इचारा. एकेकीचं तोंड पाठ हाय त्येला. रंग कशाला लागतोय?"
भाऊ डोंगरात, रेंज नाही. शुक्रवारी पौडला उतरणार. त्याच्या यादीतल्या खुणा पुसल्या नाहीत. नुसतं 'खात्री नाही' लिहून ठेवलंय. त्याला विचारायला यादी कागदावर छापली. शुक्रवारी सकाळपासून मी पौडच्या एसटी स्टँडवर थांबणार. पेन्सिल घ्यायची, पेन नाही.