पायथ्याशी पिशव्या

९ जानेवारी, वेस्ट मांबलम
डॉक्टरांनी आज साफ सांगितलं — बायपासनंतर आता यांना चढण बंद. कायमची! घरी आल्यावर हे म्हणाले, "जिंजीचा माथा काही बघून झाला नाही गं." एवढंच. जन्मभर सुट्टी म्हणजे किल्ला असं मानणारा माणूस! मला रडूच आलं.

१० जानेवारी
म्हटलं, निदान पायथ्याशी तरी जाऊन येऊ. तर म्हणतात, "मग तू चढ माझ्याऐवजी." मी? लग्न झाल्यापासून प्रत्येक किल्ल्याखाली पिशव्या राखत बसलेली मी! "काहीतरीच तुमचं." हे तोंड पाडून बसले. झालं, हो म्हणावं लागलं.

१८ जानेवारी
गेलो!!

गाडीत यांचं सुरू — कोनारांनी बांधला, नायकांनी वाढवला, मग विजापूरकर, मग शिवाजी महाराज. पुढे राजाराम महाराज इथेच वेढ्यात वर्षानुवर्षं टिकून राहिले. एरवी मी नुसतं हं हं करते. आज ऐकलं.

पायथ्याच्या कल्याण महालाजवळ यांना सावलीत बसवलं, पिशव्या ताब्यात दिल्या. माकडं टपलेलीच. हे मागून ओरडतात — "घोटघोट पाणी पी! बसत बसत जा!" माझीच वाक्यं मला!

राजगिरी डोंगराच्या पायऱ्या संपता संपेनात. अर्ध्यावर बसकण मारली. परत फिरावंसं वाटलं. मग खाली एकटे बसलेले हे आठवले, उठले. माथ्याजवळ खोल फटीवरचा पूल — देवाचं नाव घेत ओलांडला. वर रंगनाथाचं देऊळ, पडक्या भिंती, आणि काय तो वारा! तट डोंगराडोंगरांवरून चढत गेलेला. यांना फोन लावला. "काय दिसतंय? सगळं सांग." मी बडबडत सुटले, आज हे हं हं करत होते. माझ्या पायांचे, या माणसाचे, सगळ्यांचेच उपकार वाटले.

खाली आले तर दहीभाताचा डबा माकडानं पळवलेला. राखणदार हसतायत!

१९ जानेवारी
पोटऱ्यांचा दगड झालाय. पण खूश.

२१ जानेवारी
यांच्या कारखान्यातले जुने सहकारी राममूर्ती तब्येत विचारायला आले. मी ऐटीत जिंजी सांगितली. ते म्हणाले, "सर पण चढलेत, मॅडम! तुम्ही बाळंतपणाला माहेरी होतात, तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. थेट देवळापर्यंत!"

ते गेल्यावर यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर चढली असतीस?"

नसते चढले. कधीच नसते.